खाडीच्या तोंडावरचा रस्ता

हिवाळा लागला की मुंबई-पुण्याहून सायकलवाले कोकणात उतरू लागतात. त्यांच्यातलाच मी एक. कुणी अलिबागहून सुरुवात करतं, कुणी दापोलीहून, कुणी रेल्वेने सायकल रत्नागिरीला नेऊन तिथून. परत आल्यावर सगळ्यांच्या तोंडी वाक्य मात्र एकच असतं : रस्ता काय मोकळा, तासभर गाडीच नाही! यावर ऐकणारे मान डोलावतात, कारण कोकण म्हणजे शांत हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं आहे. समुद्र निळा असतो, माड उंच असतो, तसं कोकण शांत असतं.

मला हे पटत नाही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर जगभरची जहाजं लागत होती. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीसुद्धा हा देशातल्या बऱ्यापैकी गजबजलेल्या प्रवासी मार्गांपैकी एक होता. फक्त तो मार्ग जमिनीवर नव्हता. आज सायकलवाल्याला जी शांतता मिळते ती निसर्गाने दिलेली नाही. ती घडत गेली आहे, आणि कशी घडली ते बऱ्यापैकी सांगता येतं. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी रस्ता कोणता ते सांगतो. रेवस ते रेडी, म्हणजे मुंबईसमोरच्या धरमतर खाडीपासून गोव्याच्या सीमेपर्यंत. सरकारी भाषेत प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४, बोलीत सागरी महामार्ग. लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर ती एक सलग रेघ दिसते. सायकलवर बसलं की कळतं की ही रेघ नाही, तुटलेल्या माळेचे मणी आहेत. मुरूड सोडून आगरदांड्याला आलात की रस्ता पाण्यात जातो. समोर दिघी दिसते, पण मध्ये राजपुरीची खाडी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलात की सावित्री आडवी. दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. प्रत्येक ठिकाणी फेरीबोटीची वाट बघत बसायचं. या फेरीबोटीला तिथले लोक जंगलजेटी म्हणतात. शब्द कुठून आला त्याची मला कल्पना नाही, पण माझा फार आवडता आहे.

खाड्यांच्या मधली जमीनही सरळ नाही. कोकणाला 'किनारपट्टी' म्हणतात तेव्हा पट्टीसारखं सपाट काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात जांभ्याचा सडा थेट समुद्रापर्यंत येतो आणि तिथे कड्यासारखा संपतो. गाव खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठाला. म्हणजे गावातून निघालं की घाटी चढायची, उघड्या सड्यावरून चार-सहा किलोमीटर जायचं, पुन्हा घाटी उतरून पुढच्या गावात. दिवसातून सात-आठ वेळा हे होतं. ज्यांना कोकणात सायकल चालवणं म्हणजे समुद्राकाठची रपेट वाटते ते वेळणेश्वरपर्यंत पोचता पोचता शहाणे होतात. कोकणातल्या गावांमध्ये सायकल देशावरच्या गावांइतकी कधीच रुजली नाही याचं कारणही हेच असावं. माणसं पाखाडीने चालत गेली, डोलीत बसून गेली, होडीतून गेली. चाक या मुलखाला उशिरा लागलं.

आता मुख्य मुद्दा. कोकणचा नकाशा घ्या आणि मुंबई-गोवा महामार्गावर असलेली जुनी गावं बघा : महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. मग त्यांच्या पश्चिमेला सरळ समुद्राकडे बोट न्या : बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग. पाच जोड्या झाल्या. महाड-बाणकोट सावित्रीवर, चिपळूण-दाभोळ वाशिष्ठीवर, संगमेश्वर-जयगड शास्त्रीवर, राजापूर-जैतापूर अर्जुनेच्या खाडीवर, खारेपाटण-विजयदुर्ग वाघोटनवर. प्रत्येक खाडीला दोन टोकं. तोंडाशी बंदर आणि किल्ला, आणि भरतीचं पाणी जिथवर जाऊ शकतं तिथे पेठ. जहाज तोंडाशी थांबायचं, लहान गलबतं आणि होड्या भरतीबरोबर आत जायच्या, पेठेत माल उतरायचा, तिथून बैल घाट चढायचे. चिपळूण समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत असूनही बंदर होतं. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती याच हिशेबाने.

म्हणजे कोकणातल्या वाहतुकीची मूळ दिशा पूर्व-पश्चिम आहे. समुद्रातून खाडी, खाडीतून पेठ, पेठेतून घाट, घाटावरून देश. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी गाडीरस्ते बांधले तेही याच दिशेने : चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे, वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे बेळगावकडे. वेंगुर्ला तर बेळगावच्या छावणीचं बंदरच होतं. उत्तर-दक्षिण असा रस्ता बांधण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण उत्तर-दक्षिण जायला समुद्र होता. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये बंदरांना किती जागा दिली आहे ते बघण्यासारखं आहे. आज ज्या गावांची नावं पर्यटकांना ठाऊक नाहीत, त्यांच्या बंदरांचं त्यात वर्णन आहे.

खाडीच्या तोंडावरची ही गावं किती मोठी होती याची कल्पना आज तिथे उभं राहून येत नाही. दाभोळचंच घ्या. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला आणि परतीचं जहाज त्याने पकडलं ते दाभोळहून. मक्केला जाणारे यात्रेकरू इथून निघत. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या अल्मेदाने हे शहर जाळलं, आणि ते इतकं निर्दयपणे की त्याची आठवण किनाऱ्यावर दीर्घकाळ राहिली. आज तिथे खाडीकाठी एक सुंदर जुनी मशीद आहे, तिच्याभोवती मासे सुकत घातलेले असतात आणि समोर जंगलजेटीचा धक्का. गंमत म्हणजे महाराष्ट्रात 'दाभोळ' हे नाव गाजलं ते नव्वदच्या दशकातल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प दाभोळमध्ये नाहीच. तो खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूला. ज्यांनी नाव दिलं त्यांनी मधली खाडी बहुधा हिशेबातच धरली नव्हती.

बाणकोटचं तेच. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, त्या भानगडीत पुढच्या वर्षी बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे आला आणि त्याचं नाव झालं फोर्ट व्हिक्टोरिया. जवळच वेळास, नाना फडणविसांचं गाव. खाडीपलीकडे श्रीवर्धन, जिथून बाळाजी विश्वनाथ भट देशावर गेला. अठराव्या शतकातलं मराठी राजकारण ज्यांनी चालवलं त्यातली दोन घराणी एका खाडीच्या दोन बाजूंची. आज या दोन गावांमध्ये सायकलने जायचं तर दिवसातला बराचसा वेळ बोटीची वाट बघण्यात जातो.

समुद्रावरचा रस्ता आगबोटीमुळे आणखी रुंद झाला. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटी एकोणिसाव्या शतकापासून किनाऱ्याने धावत होत्या. पुढे स्वदेशीच्या हवेत दुसरी एक सहकारी कंपनी निघाली. तिचं नोंदलेलं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. एखाद्या वाहतूक कंपनीला 'माझी' म्हणावंसं वाटणं ही आज कल्पनेपलीकडची गोष्ट आहे. तिच्या बोटींची नावंही संतांची : तुकाराम, रामदास. भाऊच्या धक्क्यावरून निघून बोट एकेका बंदराबाहेर उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या पडावातून बोटीत आणि बोटीतून पडावात व्हायच्या. गिरणगावातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचा तो असा. प्रवासात मळमळण्याला 'बोट लागणं' म्हणतात. माझी आत्या एसटीत बसल्यावरही 'मला बोट लागते' असंच म्हणायची.

हा मार्ग सुरक्षित मात्र नव्हता. १९२७ मध्ये जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरलेला असताना, रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. काहींना कोळ्यांच्या होड्यांनी वाचवलं. रेवस म्हणजे जिथे आज आपला सागरी महामार्ग सुरू होतो तेच ठिकाण. तिथे सायकलला हवा भरत, सेल्फी काढत बरेच गट उभे असतात. रामदासचं नाव त्यांच्यातल्या एखाद्यालाच माहीत असतं, आणि त्यांना तरी का दोष द्यायचा. किनाऱ्यावरच्या या सर्वांत मोठ्या अपघाताची आठवण आपल्या शालेय इतिहासात कुठे आहे?

आगबोटीला दुसरी मर्यादा होती पावसाळ्याची. आगोट आली की बोटी बंद. नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळेल तशा पुन्हा सुरू. मधले तीन-साडेतीन महिने खाडीच्या तोंडावरची गावं जवळजवळ बेटं व्हायची. माझ्या आजीचं माहेर हेदवीजवळच्या एका वाडीत. तिची धाकटी बहीण १९५०च्या आगेमागे श्रावणात बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून चिपळूणला न्यायचं ठरलं. दोन पऱ्ह्ये ओलांडले, तिसऱ्याला पाणी उतरायची वाट बघत सगळे बसले, आणि तिथेच ती गेली. आजी ही गोष्ट रडून वगैरे सांगत नसे. 'भाद्रपद असता तर बोट मिळाली असती' एवढंच म्हणायची, जणू चूक महिन्याची होती. सड्यावरच्या त्या वाटेने आता डांबरी रस्ता जातो आणि त्या पऱ्ह्यांवर मोऱ्या आहेत. सायकलने तो टप्पा पाऊण तासाचा आहे, आणि मी तो आजवर पाच-सहा वेळा केला आहे. फार सुंदर टप्पा आहे. रस्त्यावर कोणी नसतं.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मोठा रस्ता झाला, आणि आगबोट संपली. राष्ट्रीय महामार्ग १७ (आता त्याचा आकडा ६६ आहे) किनाऱ्याने गेला नाही. तो खाड्यांच्या वरच्या टोकांनी गेला. अभियंत्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. बाणकोटला सावित्री ओलांडायची तर अफाट पूल हवा, महाडला ओलांडायची तर बेताचा. म्हणून महामार्गाने महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही जुन्या पेठांची माळ उचलली आणि खालची बंदरांची माळ तशीच टाकून दिली. पूर्वी जी दोन टोकं एकमेकांवर अवलंबून होती त्यातलं एक एकाएकी रस्त्यावर आलं आणि दुसरं रस्त्याच्या शेवटी गेलं. खाड्याही गाळाने भरत चालल्या होत्याच. आगबोटींची सेवा हातांमागून हात बदलत कशीबशी चालू राहिली, शेवटी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं उरली आणि तीही गेली. एसटी घराच्या जवळ सोडत होती, बारा महिने धावत होती. लोकांनी बोट सोडली ती उगाच नाही. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे देशाला अर्पण झाली तेव्हा तीही आतूनच गेली. दापोलीला स्टेशन नाही, गुहागरला नाही, देवगडला नाही, मालवणला नाही, वेंगुर्ल्याला नाही.

किनाऱ्याने जाणारा रस्ता हवा असं एका माणसाला फार तीव्रतेने वाटलं, आणि त्याचं कारण त्याच्या गावात आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आंबेतचे. आंबेत सावित्रीच्या खाडीकाठी. खाडीपलीकडचं म्हाप्रळ समोर दिसतं, तरीही तालुका वेगळा, जिल्हा वेगळा, जग वेगळं, हे ज्याने लहानपणापासून पाहिलं त्याला पुलाचं महत्त्व सांगावं लागत नाही. अंतुले जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढाच काळ मुख्यमंत्री होते. भवानी तलवार आणण्याची घोषणा आणि सिमेंट प्रकरण यांसाठी ते लक्षात राहिले. पण त्याच दीड वर्षात कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, आणि रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना सरकारी कागदावर पक्की बसली. माझ्या मते ती गेल्या शतकातली कोकणाबद्दलची सर्वांत नेमकी सरकारी कल्पना होती, कारण तिने पहिल्यांदा खाडीच्या तोंडावरच्या गावांकडे समुद्राच्या बाजूने पाहिलं.

मुख्यमंत्री गेले, कल्पना फायलीत राहिली. त्यानंतर चाळीस वर्षं हा रस्ता तुकड्यातुकड्याने झाला. कुठे जिल्हा परिषदेचा जुना रस्ता जोडून घेतला, कुठे एखादा पूल झाला. रेवदंड्याहून साळावला जायला पूल आहे, रत्नागिरीहून भाट्याला आहे. देवगडजवळ तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाला आणि कुणकेश्वर एकदम जवळ आलं. वाडातर नावाच्या ठिकाणी आता पूल आहे. 'तर' होती हे फक्त नावात उरलं आहे. पण मोठ्या खाड्या तशाच. दरम्यान सगळा भार एकट्या वरच्या महामार्गावर. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या त्यात गेल्या, तेव्हा कोकणाला उत्तर-दक्षिण जायला दुसरी धड वाट नाही हे सगळ्यांना दिसलं.

आणि माणसं? ती वाट न बघता निघून गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची कमी झाली. रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे काही स्त्रीजन्माच्या स्वागताचं लक्षण नव्हे. पुरुष मुंबईत, बायका-म्हातारे घरी, असा त्याचा साधा अर्थ. सायकलवरून जाताना बंद घरं दिसतात : कौलं नीट, अंगण सारवायचं राहिलेलं, दाराला कुलूप, गडग्यावर शेवाळ. आपण त्याचे फोटो काढतो. रस्ता मोकळा आहे कारण त्यावर जायला माणसं उरलेली नाहीत, हे वाक्य मी पहिल्यांदा स्वतःशी म्हटलं ते अशाच एका घरासमोर पाणी पीत असताना, आणि तेव्हापासून 'गाडीच नाही' असं कौतुकाने म्हणणं मला जड जातं.

शांत किनाऱ्याची गिऱ्हाइकं केवळ आपल्यासारखीच असतात असंही नाही. दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता सायकलवाल्यांचा अतिशय लाडका आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे खडकांवर आपटणारा समुद्र, मध्ये अरुंद रस्ता. मुंबईतल्या मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच शेखाडीला उतरवली गेली. उतरवणाऱ्यांनाही रस्त्यावर गाड्या नसलेल्याच हव्या होत्या. त्याआधी सोनं आणि घड्याळं याच पट्ट्यात उतरत. ज्या किनाऱ्यावरून उजेडातली वाहतूक काढून घेतली, तिथे अंधारातली शिरली, इतकं साधं ते गणित.

२००३ मध्ये दाभोळ-धोपावे जंगलजेटी सुरू झाली, आणि पाठोपाठ बाकीच्या खाड्यांवर. मोटारी वाहून नेणाऱ्या या बोटींनी सागरी महामार्ग पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जोडला. सरकारला जे पुलांनी जमलं नाही ते खाजगी बोटींनी करून दाखवलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. सायकल घेऊन बोटीत चढलं की खलाशी तुम्हाला एका कडेला उभं करतात. सोबतीला मोटारसायकली, शाळेची मुलं, आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, माशांच्या टोपल्या. खाडी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पण दिवसभरातला तेवढाच वेळ गाववाल्यांशी निवांत बोलता येतं. एकदा धोपाव्याच्या बाजूला उतरताना एका मासेवालीला मी म्हटलं, की पूल झाला तर ही मजा जाणार. ती हसली नाही. "तुमची मजा हो भाऊ. आमची शेवटची फेरी चुकली की रात्र दाभोळात काढायची. नवऱ्याला छातीत दुखायला लागलं तेव्हा बोट बंद झालेली, चिपळुणाला फिरून नेला." नवरा वाचला का, हे विचारण्याआधी फळी खाली पडली आणि ती टोपली घेऊन निघून गेली.

पूल आता होणार असं दिसतंय. राज्य रस्ते विकास महामंडळाच्या योजनेत रेवस, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवरचे पूल आहेत. अर्थात कोकणात पुलाची घोषणा आणि पूल यांच्यात किती वर्षं जातात हे बाणकोटच्या खाडीत बघता येतं. तिथे पुलाचं काम सुरू होऊन अर्धवट थांबलं, आणि मी गेलो तेव्हा पाण्यातल्या खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. पण यावेळी आकडे मोठे आहेत आणि इच्छाही दिसते. आमच्या सायकलवाल्यांच्या गटांमध्ये यावर हळहळ सुरू झाली आहे. काही जण 'कोकण वाचवा' अशा भाषेत बोलतात. त्यांना मी एकच विचारतो : कोणाचं? पूल होऊ नये असं म्हणायचा हक्क रात्री खाडीपलीकडे अडकलेल्या माणसाला असेल, मला नाही.

तरी एक धास्ती आहे आणि ती केवळ सायकलची नाही. आरे-वारे रस्ता झाला तेव्हा गणपतीपुळे-रत्नागिरी अंतर कमी झालं, स्थानिकांची सोय झाली हे खरं. शनिवार-रविवारी त्या कड्यावर आता गाड्यांची रांग लागते हेही खरं. महामार्ग दोन प्रकारे बांधता येतो. गावाला गाव जोडत, खाडीच्या तोंडावरच्या माणसाला बाजार, दवाखाना, कॉलेज जवळ आणत. किंवा मुंबईच्या मोटारीला गोव्याला लवकर पोचवत, गावांच्या डोक्यावरून. पहिल्या प्रकारात दाभोळ पुन्हा मार्गावर येतं. दुसऱ्या प्रकारात दाभोळचं नाव हिरव्या पाटीवर येतं आणि गाव खालीच राहतं. वरच्या महामार्गाने एकदा बंदरांना वगळलं आहे. किनाऱ्यावरून जाऊनही त्यांना वगळता येणं शक्य आहे. रुंदी किती, वळणं किती कापायची, सडा किती फोडायचा, या कंटाळवाण्या तपशिलांमध्ये तो निर्णय होतो आणि त्यावर गावात फारशी चर्चा होताना मी ऐकलेली नाही. चर्चा असते ती जमिनीच्या भावाची.

जे हा रस्ता अजून या अवस्थेत बघू इच्छितात त्यांच्यासाठी थोडं व्यावहारिक. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, तो फारसा आड येत नाही. दुपारी वारा वायव्येचा होतो आणि पाठीवर मिळतो. शिडाची गलबतंही दक्षिणेला जाताना याच वाऱ्यावर विसंबत. अलिबाग, काशीद, गणपतीपुळे इथे शांतता शोधू नका, ती तिथून कधीच गेली. वेळास-केळशी-आंजर्ले, हेदवी-तवसाळ, आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगड-कशेळी-नाटे हे टप्पे अजून रिकामे आहेत. कशेळीला कनकादित्याचं देऊळ चुकवू नका. सड्यांवर सावली नाही, पाणी नाही. खाली गावात भरून घ्यायचं. आणि बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, ओहोटीला त्या बदलतात.

दक्षिणेकडे, मालवण सोडल्यावर, रस्ता मऊ होत जातो. सडे लांब होतात, माती लाल होते, बोली बदलते. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष झाडीत उभे आहेत. पुढे शिरोडा, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहातलं हे गाव आज आठवतं ते बहुतेकांना वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर होते म्हणून. मग रेडी, लोहखनिजाच्या खाणींनी पोखरलेले डोंगर, यशवंतगडाचे बुरूज, आणि सागरी महामार्ग संपतो. समोर तेरेखोलची नदी. नदीपलीकडे केरीची पुळण. इथेही वाहनांसाठीचा पूल आत आहे, आरोंद्याला. तोंडाशी पूल बांधायचं काम गोवा सरकारने काढलं होतं, ते हरित लवादात अडकलं. त्यामुळे नदीच्या तोंडाशी पलीकडे जायचं तर गोवा सरकारच्या फेरीबोटीची वाट बघायची. मी धक्क्यावर सायकल टेकवून बसलो तेव्हा बोट पलीकडच्या काठाला होती.